सन्मानपूर्वक झडती

"हे काय आहे वं?"

फाटकावर झडती घेणाऱ्या मायाबाईनं विचारलं तेव्हा तिचा हात माझ्या कमरेवर होता. ती पुन्हा म्हणाली, "काय लपवून राहिली? गॉज आहे का?"

दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी एक आडोसा होता. तीन बाजूंनी पत्रे, चौथ्या बाजूला पडदा. पडदा गुडघ्यापर्यंतच यायचा. दुपारी ड्यूटी सुटली की आम्ही आया आणि झाडूवाल्या बाया तिथं रांग लावायचो. एकेकीनं आत जायचं. डबा उघडायचा. पिशवी उलटी करायची. पदर खाली घ्यायचा. मायाबाई अंगावरून हात फिरवायची. पुरुषांचे फक्त खिसे चाचपायचे. डॉक्टर, सिस्टर आणि ऑफिसातली माणसं पुढच्या पोर्चमधून जायची. त्यांच्या बॅगा आमच्या पिशव्यांपेक्षा मोठ्या होत्या. त्या कोणी उघडत नव्हतं.

त्या दिवशी मला मासिक पाळी आली होती. कमरेला नाडी, नाडीला घडी केलेलं कापड. मी हळूच म्हटलं, "बाई, अडचण आहे माही."

बाहेरून चौकीदारानं विचारलं, "क्या है?"

"कपडा है बोलती."

"देखो ठीक से. सब यही बोलती हैं."

तिनं पाहिलं. मला काढायला लावलं. एका काडीनं ते कापड उचललं आणि पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हात धरलं. पट्ट्या बांधायचा दवाखान्याचा गॉज आहे की घरचं लुगडं, ते पाहायला. पडद्याखालून माझे पाय दिसत होते. रांगेतल्या बायांना दिसत होते. चौकीदाराला दिसत होते. पायावर ओघळ आला होता. तोही दिसत होता.

घरचंच होतं. माझ्या सासऱ्यांनी मागावर विणलेल्या लुगड्याचा तुकडा. आम्ही कोष्टी. सूत बोटात धरून ते कोणत्या नंबरचं ते सांगणारी माणसं. माग बंद पडला म्हणून मी आया झाले होते. आणि इथं मला कापडाची चोर समजत होते.

"जा," मायाबाई म्हणाली.

एवढंच. मी कापड गोळा करून पिशवीत कोंबलं आणि बाहेर पडले. रांगेतल्या बायांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे त्यांनी चांगलं केलं की वाईट, ते मला तेव्हा कळलं नाही.

वॉर्डातून बँडेजचे गठ्ठे आणि इंजेक्शनच्या शिश्या गायब होत होत्या, हे खरं. कोण नेत होतं ते कोणाला ठाऊक नव्हतं. पण संशय कोणावर घ्यायचा हे ठरलेलं होतं. दवाखाना धर्मादाय होता. भिंतीवर दानशूरांच्या नावांच्या फरश्या. गरिबांवर दया करणारी जागा. त्या दयेच्या मागच्या फाटकाशी गरिबांचीच लुगडी सुटत होती.

मायाबाईचाही मला राग येईना. तिची झडती रोज मेट्रन घेते, हे मला नंतर कळलं.

आणीबाणी उठली होती. युनियनच्या खोलीचं कुलूप उघडलं होतं. चहाच्या टपरीमागे पत्र्याची खोली, एक टेबल, एक बाक. करार नव्यानं व्हायचा होता. युनियनचे सरचिटणीस भाऊसाहेब. ते दवाखान्यातले नव्हते, वकील होते. घराणं जुनं, भोसल्यांच्या दरबारातल्या कारकुनांचं. बोलणं स्वच्छ, धोतर स्वच्छ. त्यांनी सांगितलं होतं, प्रत्येक वॉर्डानं आपल्या मागण्या द्याव्यात. त्यांचं एक मागणीपत्र होईल. ते घेऊन पाच जण व्यवस्थापनाशी बोलणी करतील.

सभेला पुरुष पंचवीस-तीस, बाया दोन. मी, आणि शेवंताबाई. शेवंताबाई ऑपरेशन थिएटरची झाडूवाली. वीस वर्षांची नोकरी. मला तीच ओढून घेऊन गेली होती. "घरी बसून रडशील तं कोण लिहीन तुही मागणी?"

पगारवाढ लिहून झाली. रजा लिहून झाली. गणवेश, धुलाई, रबरी हातमोजे. मग शेवंताबाई उभी राहिली आणि म्हणाली, "बायांची झडती बंद करा, हे लिहा."

कोणी तरी हसलं. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, विषय नाजूक आहे. मागणीपत्रात तो कसा लिहायचा?"

मी बसूनच म्हटलं, "जसा होते तसा लिहा."

माझा आवाज मलाच परका वाटला. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. लिहिलं. नववी मागणी. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी वॉर्डावॉर्डात फिरून बायांच्या सह्या घेतल्या, अंगठे घेतले. पडद्याआड काय होतं ते एकीनंही कधी दुसरीला सांगितलं नव्हतं. आता सगळ्या सांगत होत्या. सही करता करता, खाली मान घालून.

बोलणी करायला जाणाऱ्या पाचांत एक बाई असावी असं ठरलं. शेवंताबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी सातवी झाले होते. माझं नाव गेलं.

पोर्चच्या पायऱ्या चढताना भाऊसाहेब मला म्हणाले, "तू फक्त बस. बोलायचं काम माझं. विश्वास ठेव."

तोपर्यंत माझा त्यांच्यावर संशय नव्हता. 'विश्वास ठेव' म्हटल्यावर आला.

खोलीत मोठं टेबल. पलीकडे ट्रस्टचे सचिव, सुपरिंटेंडेंट आणि एक टायपिस्ट. अलीकडे आम्ही पाच. भाऊसाहेब, ड्रायव्हर, स्वयंपाकघरातला महाराज, लॅबमधला अटेंडंट आणि मी. सचिवांनी सगळ्यांना नमस्कार केला. भाऊसाहेबांच्या वडिलांची तब्येत विचारली. दोघांची घरं जवळजवळ होती बहुतेक. ते बोलत होते आणि आम्ही चौघं ऐकत होतो. इंग्रजी मध्येच यायचं. इंग्रजी आलं की मला वाटायचं, आता आपल्याबद्दल बोलत आहेत.

सातवी मागणी झाली. आठवी सुरू झाली. तेवढ्यात सचिवांनी माझ्याकडे न पाहता हात हलवला.

"बाई, जरा पाणी आणा."

मी उठले.

हे मला आजही सांगताना जड जातं. कोणी मला ढकललं नाही. मी प्रतिनिधी होते, माझ्या मागं सगळ्या वॉर्डांच्या बायांचे अंगठे होते, आणि पाणी म्हटल्यावर माझे पाय आपोआप उठले. ड्रायव्हर बसून होता. महाराज बसून होता. भाऊसाहेबांनी मान वर केली नाही. मी व्हरांड्यातून गेले, माठातून जग भरला, ट्रेमध्ये ग्लास मांडले, परत आले. सगळ्यांच्या पुढं ठेवले. खुर्चीवर बसले तेव्हा दहावी मागणी चालू होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "भाऊसाहेब, नऊ नंबरचं काय झालं?"

"झालं त्याचं. तत्त्वतः मान्य केलं त्यांनी."

"म्हणजे बंद?"

"मसुदा येईल तेव्हा पाहू."

मसुदा आठ दिवसांनी आला. इंग्रजीत. टाइप केलेली पानं. शेवटच्या पानावर पाच सह्यांच्या जागा. चार सह्या झाल्या होत्या. युनियनच्या खोलीत भाऊसाहेबांनी माझ्यापुढं पेन ठेवलं. मी म्हटलं, नववी मागणी मराठीत सांगा. ते म्हणाले, "स्त्री कर्मचाऱ्यांची झडती सन्मानपूर्वक घेतली जाईल."

मी ते वाक्य मनात दोनदा म्हटलं.

"झडती सन्मानपूर्वक कशी घेतात, भाऊसाहेब?"

"करार म्हणजे देवाणघेवाण असते. काही मिळवायचं तर काही सोडावं लागतं. पगारवाढ चांगली मिळाली आहे."

"सोडलं ते बायांचं. त्याईले विचारलं का?"

त्यांना राग आला नाही. तेच मला खटकलं. समजूतदारपणे हसले आणि म्हणाले, "उद्या सही कर. आज डोकं शांत ठेव." मी एक प्रत मागितली. त्यांनी का-कू केलं. मग लॅब अटेंडंटनं आपल्याजवळची दिली. त्याच्या मनात काय होतं, ते मी विचारलं नाही. त्या दिवसांत मी कोणाला काही सरळ विचारत नव्हते. सगळ्यांचे चेहरे पाहायचे.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो गांधीबागेत कापडाच्या दुकानात थानांच्या घड्या करायला जायचा. लहानपणापासून मागावर बसलेला माणूस. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सही करून टाक. साऱ्यांची वाढ अडून राहिली तुह्यापायी."

"अन् माही झडती?"

पाटावर बसून पुढ्यातल्या वांग्याच्या फोडी नुसत्या हलवत राहिला. मग म्हणाला, "माही रोज होते."

"काय?"

"झडती. दुकान बंद कराच्या टायमाले. शेठ स्वतः घेते. सदरा वर कराले लावते." त्यानं ताट बाजूला सारलं. "तुले कधी सांगतलं नाही."

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली. नऊ वर्षं आम्ही एकाच घरात, दोन वेगवेगळ्या फाटकांतून येऊन, एकमेकांपासून ते लपवत जेवत होतो. त्यानंतर त्यानं सहीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब दौऱ्यावर होते, म्हणून सही मागायला आले नाहीत. मला एक दिवस मिळाला. रेकॉर्ड रूममध्ये एक म्हातारे कारकून होते. भिवापूरचे. निवृत्तीला आलेले, सगळ्यांना घाबरणारे. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यापुढं ते पान ठेवलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"माझं नाव कुठं येऊ देऊ नको बाई."

"नाही येऊ देत."

ते वाचत गेले, मराठीत सांगत गेले, मी वहीत लिहीत गेले. नववं कलम आलं. स्त्री कर्मचाऱ्यांची झडती स्त्री रक्षकाकडून सन्मानपूर्वक घेतली जाईल. मी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "थांब. पुढं आहे अजून."

पुढं होतं, कराराची मुदत संपेपर्यंत युनियन हा विषय पुन्हा उपस्थित करणार नाही.

मी त्यांना ते तीनदा वाचायला लावलं. मुदत तीन वर्षांची होती. म्हणजे झडती आहे तशीच. वर तीन वर्षं तोंड बंद. आणि त्या बंद तोंडावर सही माझी पाहिजे होती. म्हणून पाचांत एक बाई.

भाऊसाहेबांनी आम्हाला विकलं का? मला अजूनही ठाऊक नाही. कदाचित त्यांना खरंच वाटलं असेल की सौदा चांगला झाला. कदाचित ते कलम त्यांनी नीट वाचलंही नसेल, कारण ते त्यांच्या अंगाचं नव्हतं. मी पुष्कळ विचार केला. पुढं एवढंच कळलं, की तो माणूस वाईट असायची गरज नव्हती. आम्ही खोलीबाहेर असलो की पुरे होतं.

गेट मीटिंग शनिवारी दुपारी झाली. दोन्ही शिफ्टची माणसं. भाऊसाहेब स्टुलावर उभे राहिले. पगारवाढीचं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग म्हणाले, "फक्त एका सहीसाठी करार थांबला आहे. नाव मी घेत नाही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. महाराज मोठ्यानं म्हणाला, "एका बाईपायी सारे उपाशी राहाचे का गा?"

वही हातात होती. मी स्टुलावर चढले नाही, जागेवरूनच म्हटलं, "मले वाचून दाखवाचं आहे. मग तुम्ही सांगा, मी सही करतो."

वाचलं. पहिल्या कलमापासून. पगारवाढीचंही वाचलं, हातमोज्यांचंही वाचलं. हातमोजे 'उपलब्धतेनुसार' होते, तेही तेव्हाच लोकांना कळलं. कुजबुज सुरू झाली. मग नववं वाचलं. पूर्ण. कुजबुज थांबली.

भाऊसाहेब म्हणाले, "हे भाषांतर कोणी केलं?"

"चुकलं असलं तं सांगा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

मागून एक वॉर्डबॉय म्हणाला, "पण पैसे तं वाढून राहिले ना? झडतीनं कोणाचं काय जाते?"

तेव्हा शेवंताबाई पुढं आली. पुरुषांच्या मधोमध. तिनं आवाज चढवला नाही.

"वीस वर्षं झाले मले इथं. माह्या हातची भाकर तुमच्यातलं कोणी खात नाही. माह्या गिलासातलं पाणी पीत नाही. तुम्हाले माहा हात चालत नाही. अन् माह्या अंगावर रोज दुसऱ्याचा हात फिरते, ते तुम्हाले चालते. मंग मी तुमच्या युनियनमधी काहून आहे, हे मले सांगा."

मी खाली पाहिलं. आमच्या मागण्यांसाठी आम्ही दोघी महिनाभर बरोबर फिरलो होतो. दुपारी एका झाडाखाली डबे सोडले होते. तिच्या डब्यातला घास मीही कधी घेतला नव्हता. तिनं ते ओळखलं होतं आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती. मी इतके दिवस सगळ्यांवर संशय घेत होते. स्वतःवर घेतला नव्हता.

हात वर करून मत घेतलं. बायांचे सगळे हात वर. पुरुषांचे काही आले, काही आले नाहीत. ड्रायव्हरनं आधी नाही केला, मग इकडंतिकडं पाहून केला. मसुदा परत पाठवायचं ठरलं, अगदी थोड्या मतांनी. भाऊसाहेब स्टुलावरून उतरताना मला म्हणाले, "मग आता तूच बोल."

बोलले.

त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. सचिवांनी कागदावरून सुरुवात केली तेव्हा मी म्हटलं, "नऊ नंबर पहिले."

"ते झालेलं आहे."

"मी खोलीत नव्हती तेव्हा झालं. पाणी आणाले गेली होती."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "दवाखान्यात चोऱ्या होतात. संशय घ्यावाच लागतो."

"घ्या. साऱ्याईवर घ्या. पुढच्या पोर्चमधी आडोसा बांधा. डॉक्टरांच्या बॅगा उघडा, तुमची उघडा, मंग माही उघडा. नाही तं कोणाचीच उघडू नका. अन् आम्ही बोलाचं नाही हे जे खाली लिहिलं, ते खोडा."

"बाई, तुम्ही कोणाशी बोलता आहात, याची कल्पना आहे का?"

"आहे साहेब. म्हणूनच बसून बोलून राहिली."

तीन बैठका लागल्या. शेवटी 'सन्मानपूर्वक' गेलं. 'विषय पुन्हा काढणार नाही' तेही गेलं. अंगझडती लेखी कारणाशिवाय नाही, आणि सामान तपासायचं तर सुपरिंटेंडेंटपासून सगळ्यांचं, असं आलं. डॉक्टरांच्या बॅगा उघडायची कोणाची छाती झाली नाही. म्हणून आमच्या पिशव्याही उघडता आल्या नाहीत. पडदा काढला. त्या पत्र्याच्या आडोशात ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर ठेवायला लागले.

हे सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. वाढ चार महिने उशिरा लागली. तोवर पुरुष माझ्याशी बोलत नव्हते. करार होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तर माझी बदली संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात झाली, आवारात अगदी टोकाला. शेवंताबाईला उशिरा येण्याबद्दल मेमो मिळाला. ती वीस वर्षांत कधी उशिरा आली नव्हती. आणि कराराच्या आनंदाच्या सभेत हार भाऊसाहेबांच्या गळ्यात पडले. ते म्हणाले, "आपल्या एकजुटीचा विजय आहे." ज्यांनी हात वर केले नव्हते, तेही टाळ्या वाजवत होते.

त्या सभेतून बाहेर आल्यावर शेवंताबाईनं डबा सोडला. भाकर, ठेचा. मी मागून घेतली. ती म्हणाली, "आता खाऊन राहिली का? मोठी मेहेरबानी." मी तो टोमणा भाकरीसकट गिळला. तो माझ्या वाट्याचाच होता.

पुढच्या वर्षी युनियनची निवडणूक लागली. मी सरचिटणीसपदासाठी भाऊसाहेबांच्या विरोधात अर्ज भरला. शेवंताबाई सूचक. पडले. लोक म्हणाले, वकील पाहिजे, आयाला कायदा काय कळतो. मी दोन ठराव मांडले होते. करार मराठीत लिहून फाटकाशी वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. आणि ज्याची मागणी, तो माणूस खोलीत असल्याशिवाय त्या मागणीवर बोलणी नाहीत. दोन्ही ठराव पडले. भाऊसाहेब म्हणाले, "असा अविश्वास ठेवला तर संघटना चालायची कशी?"

मी उलट म्हणते. अविश्वास ठेवला नाही म्हणून तर ती त्यांच्या एकट्याच्या चालीनं चालली.

येत्या निवडणुकीला मी पुन्हा उभी राहणार आहे. ठराव तेच. पडले तर त्याच्या पुढच्या वर्षी. वॉर्डातल्या नव्या बायांना मी करार वाचायला शिकवते आहे. पहिलं कलम नाही, शेवटचं आधी वाचा म्हणते, आणि बारीक अक्षरातलं त्याच्याही आधी. त्यांना सांगते, मी निवडून आले तर माझ्यावरही भरवसा टाकू नका. त्या खोलीत माझ्या जातीचं माणूस गेलं असो, बाई गेली असो, की मी स्वतः गेलेली असो. बाहेर आल्याबरोबर कागद हातातून घ्या आणि मोठ्यानं वाचा. जी ओळ तुम्हाला विचारल्याशिवाय आली असेल, ती तिथंच फाटकाशी खोडा. मी आडवी आले, तर मलाही बाजूला करा.